थर्मोस्टॅट चांगला, पण प्रोबचा सक्शन कप धोकादायक

अ‍ॅकी घोरपडीच्या (ऑस्ट्रेलियातली एक छोटी घोरपड) पिंजऱ्यासाठी हा डिमिंग थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून दिवे हळूहळू मंद-प्रखर करणारं यंत्र, घेऊन बरेच महिने झाले. वॅट, चॅनेल वगैरे माहिती खोक्यावर आहेच. लिहायला बसलो ते प्रोबमुळे, म्हणजे तापमान मोजणाऱ्या वायरच्या टोकामुळे.

प्रोब काचेला लावायला कंपनी रबरी सक्शन कप देते. ऊब देणाऱ्या हॅलोजन दिव्याच्या धगीने रबर कडक होतं, मातीतल्या ओलीने काच दमट राहते, आणि घोरपड दिवसभर उकरते, चढते, दिसेल ते ओढते. कप सुटला आणि प्रोब थेट बिळातल्या गार मातीत गेला. थर्मोस्टॅटच्या लेखी पिंजरा गारठला, म्हणून त्याने दिवे पूर्ण ताकदीने लावले. मी समोरच होतो म्हणून प्लग काढता आला. नसतो तर? यंत्राला तापमान फार वाढल्याचा अलार्म आहे, पण प्रोबच गार मातीत असेल तर तो वाजणार कसा?

ग्राहक सेवेचं उत्तर असं की कप झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही. मुक्या जिवाची सुरक्षा ज्या तुकड्यावर अवलंबून आहे, त्यावरच कंपनीने पैसे वाचवावेत याचा मला मनापासून राग आला. यंत्र परत करायचं ठरवलंही होतं.

तेवढ्यात वायर बसवायच्या साध्या क्लिपा आणल्या, अगदी किरकोळ पैशांत. प्रोब लाकडी भिंतीला स्क्रूने पक्का केला, वायर पूर्ण पिंजऱ्याबाहेरून फिरवली. तेव्हापासून मात्र मत बदललं. ऑन-ऑफ थर्मोस्टॅटवर हॅलोजन सारखा उघडझाप करायचा आणि लवकर जायचा. इथे तो हळूच मंद होतो. ऊन खायच्या दगडाचा पृष्ठभाग ५५ ते ६० अंशांवर राहतो, गार बाजू २५ ते २८ वर. दगडाचं तापमान मात्र इन्फ्रारेड गनने वेगळं मोजा, प्रोबचा आकडा म्हणजे दगडाचा आकडा नव्हे. एका मोठ्या दिव्याऐवजी कमी वॅटचे दोन शेजारी लावलेत, त्यामुळे अख्खी पाठ सारखी तापते. दिव्यांना जाळी हवीच, घोरपड उडी मारून दिव्याला लटकते आणि भाजते.

आता प्लग आणि या यंत्राच्या मध्ये दुसरा, साधा स्वस्त ऑन-ऑफ थर्मोस्टॅट जोडलाय, त्याचा प्रोब वेगळ्या जागी, मर्यादा काही अंश जास्त. डिमिंगवाला फसला तर हा दुसरा वीज तोडतो. हे यंत्र घेणार असाल तर हा खर्च किमतीतच धरा, आणि कप खोक्यातून काढू नका.