एगिसहाइम की लूरमारां? फ्रान्समधील गावात मुक्काम ठरवताना

फ्रान्समधील एखाद्या गावात तीन-चार आठवडे राहून तिथले रोजचे जगणे आणि सणवार जवळून पाहायचे ठरवले, तर निवड अनेकदा दोन प्रदेशांवर येऊन थांबते: जर्मनीच्या सीमेलगतचा आल्सास आणि दक्षिणेकडचा प्रोव्हान्स. या आढाव्यात आल्सासमधील एगिसहाइम आणि प्रोव्हान्समधील लूरमारां ही दोन गावे समोरासमोर ठेवली आहेत. दोन्हींची लोकसंख्या दोन हजारांच्या आत आहे आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘फ्रान्समधील सर्वांत सुंदर गावे’ या संघटनेत दोन्हींचा समावेश आहे. त्यामुळे केवळ देखणेपणावरून निवड करता येणार नाही. माझ्या मते आधी महिना ठरवावा आणि मग गाव.

दिनक्रमाचा मूळ साचा दोन्हीकडे एकच आहे. सकाळी बेकरीतून ताजा पाव आणायचा, दुकानात शिरताच ‘बोंझूर’ म्हणायचे, दुपारी बरीच दुकाने बंद राहणार हे गृहीत धरायचे आणि रविवारची खरेदी दुपारपूर्वी उरकायची. फरक जाणवतो तो लोक कुठे भेटतात यात. लूरमारांमध्ये शुक्रवारी सकाळी आठवडी बाजार भरतो. भाज्या, ऑलिव्ह, बकरीच्या दुधाचे चीज आणि मध घेता घेता लोक एकमेकांची विचारपूस करतात आणि मग कॅफेच्या बाहेरच्या खुर्च्यांवर गप्पा लांबतात. नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर लेखक आल्बेर काम्यू यांनी १९५८ मध्ये याच गावात घर घेतले आणि १९६० मध्ये त्यांचे दफनही इथल्याच दफनभूमीत झाले. एगिसहाइमचे जगणे मात्र द्राक्षमळ्यांभोवती फिरते. मध्यावरच्या किल्ल्याभोवती वर्तुळाकार गल्ल्या, त्यांत द्राक्षबागायतदारांची लाकडी चौकटींची घरे आणि घराला जोडूनच वाइनची तळघरे, अशी या गावाची रचना आहे. इथे बागायतदाराच्या दारात थांबून वाइनची चव घेता घेता ओळख होते, आणि सप्टेंबरमध्ये तोडणी सुरू झाली की गावाला दुसरा विषय उरत नाही.

निर्णयाचा खरा आधार सण हाच असावा. आल्सासचा नाताळ रस्त्यावर साजरा होतो. नोव्हेंबरच्या अखेरीपासून एगिसहाइमच्या चौकांत नाताळचा बाजार भरतो, ६ डिसेंबरला संत निकोलसचा दिवस येतो आणि घरोघरी ‘ब्रेडेले’ नावाची छोटी बिस्किटे भाजली जातात. १८७१ ते १९१८ या काळात हा प्रदेश जर्मन साम्राज्यात होता; त्या काळातील काही कायदे अजून टिकून असल्यामुळे २६ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी फ्रान्समध्ये केवळ आल्सास आणि शेजारच्या मोझेलमध्येच मिळते. परक्या माणसाला ओळखीशिवाय या सगळ्यात सामील होता येते, ही फार मोठी सोय आहे. मात्र डिसेंबरच्या शनिवार-रविवारी अरुंद गल्ल्यांत पाऊल ठेवायला जागा नसते. त्यापेक्षा ऑगस्टच्या शेवटच्या शनिवार-रविवारी होणारा बागायतदारांचा उत्सव गाठावा आणि सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी जवळच्या रिबोव्हिले गावातील, मध्ययुगीन वादकांच्या परंपरेतून आलेली ‘प्फिफरडाय’ची मिरवणूक पाहावी, असे मी सुचवेन.

प्रोव्हान्सचा नाताळ घराच्या आत असतो. ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, बशीत ओल्या कापसावर गहू पेरतात आणि तो उंच, हिरवा वाढला तर वर्ष चांगले जाईल असे मानतात. घटस्थापनेला घटाभोवती धान्य पेरणाऱ्या मराठी घराला ही प्रथा समजावून सांगावी लागणार नाही. २४ डिसेंबरच्या रात्री मांसाविना जेवण होते आणि त्यानंतर सुके अंजीर, बदाम, मनुका, नूगा आणि ऑलिव्ह तेलाचा गोड पाव यांसह तेरा गोड पदार्थ मांडले जातात; येशू आणि त्याचे बारा शिष्य यांचे ते प्रतीक आहे. हा सोहळा अत्यंत हृद्य आहे, पण कुणी घरी बोलावले तरच तो दिसतो. प्रोव्हान्समधील गावे उन्हाळ्यात मोकळी होतात: ग्रामदैवतासारख्या मानलेल्या संताचा उत्सव, लांब टेबलांवर एकत्र बसून ‘आयोली’ या लसणाच्या दाट चटणीसोबतचे जेवण, पेतांक या धातूचे गोळे फेकण्याच्या खेळाच्या स्पर्धा आणि १४ जुलै या फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाच्या सुमारास उघड्यावरचे नृत्य. लूरमारांच्या किल्ल्यात उन्हाळ्यात संगीताच्या मैफलीही होतात.

शाकाहारी व्यक्तीने प्रोव्हान्सकडे झुकावे. रातातुई ही भाज्यांची मिश्र भाजी, तुळशीच्या कुळातील पाने घातलेले भाज्यांचे सूप आणि हरभऱ्याच्या पिठाची ‘पानिस’ तिथे सहज मिळतात; केवळ ऑलिव्हच्या ‘तापनाद’मध्ये अँचोव्ही हे मासे असतात, एवढे लक्षात ठेवावे. आल्सासमध्ये ‘तार्त फ्लांबे’ या मलई-कांदा घातलेल्या पातळ पावावर डुकराच्या मांसाचे तुकडे असतातच, त्यामुळे ते वगळून करून देण्याची विनंती आधीच करावी लागते.

प्रवासाच्या बाबतीत एगिसहाइम निःसंशय सरस आहे. पॅरिसहून कोलमारला थेट वेगवान रेल्वे जाते आणि तिथून गाव जेमतेम सहा किलोमीटरवर आहे. आसपासची गावे सायकलवरही पाहता येतात. लूरमारांमध्ये रेल्वे नाही, बस मोजक्या आहेत आणि लुबेरोंच्या डोंगराळ भागात फिरायचे तर मोटार हवीच. जुलै-ऑगस्टमधील कडक ऊन आणि ‘मिस्त्राल’ हा झोंबणारा कोरडा वारा यांचाही विचार करावा. मोटार चालवणार असाल, तर बाजाराच्या गप्पांसाठी आणि मोकळ्या संध्याकाळींसाठी जूनमध्ये लूरमारां निवडावे, कारण तेव्हा उन्हाळ्याची गर्दी अजून पुरती लोटलेली नसते आणि महिन्याच्या अखेरीस लॅव्हेंडरही फुलू लागलेला असतो.