कोल्हापूरचे उजळाईवाडी विमानतळ खाली दिसत असताना: ७३७-८०० ॲड-ऑनमधील बिघाड

साडेपाच हजारांच्या आसपास रुपये मोजून घेतलेले बोइंग ७३७-८०० चे ॲड-ऑन, म्हणजे संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटरला जोडायचे विमान, गेले चार महिने मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी रोज रात्री चालवतो आहे. त्यात सरावासाठी मुद्दाम घडवता येणाऱ्या बिघाडांची यादी शेकड्यांत जाते. पण यादी लांब असणे हा गुण नव्हे, कारण निम्मे बिघाड एखादा दिवा लावण्यापलीकडे काही करत नाहीत. खरी परीक्षा हीच, की एक यंत्रणा बंद पडली की तिच्यावर अवलंबून असलेले सगळे क्रमाने बसते का.

हायड्रॉलिकच्या, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेच्या, बाबतीत ते बसते, आणि फार सुंदर रीतीने बसते. बेंगळुरूहून मुंबईला जाताना तिच्यातील ‘ए’ प्रणालीची गळती मी यादृच्छिक पद्धतीवर, म्हणजे केव्हाही अचानक होईल अशी, सोडली होती. द्रवाची पातळी हळूहळू उतरली, मग दोन्ही पंपांचे कमी दाबाचे दिवे लागले आणि ‘ए’ ऑटोपायलट सुटला. शेजारी बसलेल्या भाच्याने नकाशाकडे पाहून सुचवले, ‘‘मामा, खाली कोल्हापूरच आहे, इथंच उतरवा की!’’ सूचना मोहक होती, परंतु या बिघाडात जमिनीवर टेकल्यावर वेग मारण्यासाठी पंखांवर उभ्या राहणाऱ्या झडपा, म्हणजे ग्राउंड स्पॉयलर, उघडत नाहीत आणि डाव्या इंजिनाचा जोर उलट दिशेला वळवणारा रिव्हर्सर सावकाश उघडतो. अशा वेळी घरची तुलनेने आखूड धावपट्टी सोडून मुंबईची जवळपास साडेतीन किलोमीटरची धावपट्टी गाठणेच शहाणपणाचे. उतरण्यापूर्वी सहवैमानिकाच्या आसनामागील फरशीतील झाकण उघडून तीन मुठी एकेक करून ओढाव्या लागल्या, तेव्हा चाके आपल्या वजनाने खाली आली. डावा रिव्हर्सर मागे पडल्याने विमान उजवीकडे ओढले गेले. ॲड-ऑन बनवणारे हा तपशील विसरले नाहीत, याचे मला कौतुक वाटते.

इंजिनाला लागलेली आगही नेमकी आहे. आग विझवणारे द्रव्य सोडणारे फायर हँडल ओढून फिरवले, एक सेकंद धरून ठेवले, तरी आगीचा दिवा विझला नाही. तीस सेकंद थांबून ते दुसऱ्या बाजूला फिरवले, तेव्हा त्या द्रव्याची दुसरी बाटली सुटून दिवा गेला. ते तीस सेकंद, घड्याळाकडे पाहत, मला फार लांब वाटले.

केबिनमधील दाब कमी होण्याचा सराव मात्र सर्वांनी एकदा तरी करावा. केबिनची उंची, म्हणजे आतील हवेचा दाब ज्या उंचीवरच्या हवेइतका असतो ती, १०,००० फुटांवर गेली की वाजणारा तुटक हॉर्न आणि उड्डाणापूर्वी फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) वगैरेंची मांडणी चुकल्यास वाजणारा हॉर्न एकच आहे. १४ ऑगस्ट २००५ रोजी अथेन्सजवळ कोसळलेल्या हेलिओसच्या ७३७ मध्ये वैमानिकांचा नेमका हाच घोटाळा झाला आणि १२१ जण दगावले. ॲड-ऑनमध्येही आवाज तोच ठेवला आहे. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा मीही आधी फ्लॅप्सकडे पाहिले, आणि ऑक्सिजन मास्क लावण्यापूर्वी मौल्यवान वेळ घालवला.

आता तक्रारी. बिघाड केव्हा व्हावा हे आपणच उंची किंवा वेळ देऊन ठरवले, तर मन आधीच तयार असते आणि सरावाचा अर्धा अर्थ जातो; यादृच्छिक पद्धत हाच उपाय, पण तिचा वेग बदलण्याचा पर्याय तीन पाने आत दडवून ठेवला आहे. केबिनमधील कर्मचारी आगीतही मौन पाळतात. सर्वांत मनस्ताप दिला तो साठवलेल्या उड्डाणांनी: पावसाळ्यात वीज जाण्याच्या भीतीने मी अर्ध्या वाटेवर उड्डाण साठवतो, आणि ते पुन्हा उघडले की गळती गायब झालेली, टाकी भरलेली, दिवे विझलेले. कंपनीला दोनदा कळवले, दोन्ही वेळा ‘नोंद घेतली आहे’ एवढेच उत्तर आले. त्यामुळे सध्या मी लहान यूपीएस घेतला आहे आणि बिघाडाच्या रात्री उड्डाण मध्येच थांबवत नाही.