ॲक्सलवर ओला रंग दिसला तर तिथूनच माघारी फिरा

जुन्या ट्रकचा ॲक्सल, म्हणजे चाकांचा आडवा दांडा, हबसकट (चाक बसतं तो भाग) 32,000, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) 9,500, डिस्कसकट दोन टायर 13,000, टेम्पोभाडं 2,500. एकूण 57,000 रुपये गेले. नवी ट्रॉली परवडत नाही म्हणून भंगारातल्या सामानातून ट्रॅक्टरची ट्रॉली बांधायला घेतली होती. गावोगाव लोक अशाच बांधतात, तेव्हा 'हाव नडली' वगैरे कोणी ऐकवू नका.

भंगारवाल्याने दाखवला एक ॲक्सल, टेम्पोत चढवला दुसरा. हा खेळ तुम्हाला सांगायला नको. मला जाळतो तो चढवतानाचा क्षण. ढकलताना तळहाताला लाल ऑक्साइड, गंजरोधक रंग, लागला. उघड्यावर गंजत पडलेल्या लोखंडावर रंग ओला कसा? आणि तोही फक्त एका टोकाला, हबच्या आतल्या अंगाला चार बोटं पट्टा? पँटला हात पुसला आणि गप्प बसलो. अंधार पडत होता, टेम्पोवाला कावला होता, आणि गंजू नये म्हणून रंग तर सगळेच मारतात. माझ्या जागी कोणीही हातच पुसला असता.

पाट्याची बैठक बसवायला वेल्डरने ग्राइंडर फिरवला आणि पुट्टीचा खपला पडला. खाली तडकलेल्या ॲक्सलला मारलेला जोड! पुट्टीला लोहचुंबक धरत नाही, खिशात एक ठेवाच. रॉकेल लावून कोरडं पुसा, वर खडू घासा. तड असेल तर रेघ उमटते. टायरवर तारखेचा चार आकडी शिक्का असतो, 2319 म्हणजे 2019चा 23वा आठवडा. माझ्या दोन्ही टायरांवरचा तो घासून काढलेला.

पोलीस ठाण्यात भंगारवाल्याने दिलेली खरेदीची चिठ्ठी वाचून म्हणाले, "जुने लोखंड, भंगार असं लिहिलंय. भंगार घेतलंत, भंगार मिळालं. दिवाणी मामला आहे." भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे ना? मग गुन्हा नोंदवायला मुहूर्त लागतो का? वरच्यांनी खाली पाठवलं, खालच्यांनी वर. ग्राहक हेल्पलाइन 1915ने तक्रारीचा क्रमांक दिला आणि 'समोरचा उत्तर देत नाही' म्हणून तक्रार बंद केली. अहो, तो उत्तर देत असता तर तुम्हाला फोन कशाला केला असता! आरटीओत तर उलट मलाच दम: मंजूर डिझाइनशिवाय ट्रॉलीची नोंदणी होत नाही, बेकायदा काम तुमचंच. म्हणजे चोर मीच.

पोलीस तक्रार घेत नसतील तर अधीक्षकांना लेखी अर्ज पोस्टाने पाठवा, पोच जपा. चिठ्ठीवर 'ट्रकचा ॲक्सल, वापरण्याजोगा' असं लिहून घ्या. रोख देऊ नका. माझे 30,000 रोखीत गेले, पुरावा शून्य.

तो भंगारवाला आता ॲक्सल परत घ्यायला तयार आहे. किलोच्या भावाने.