पीएम सूर्यघर पोर्टल: अर्ज भरण्याआधी वीजबिलावरचं नाव बघा

छतावरच्या सोलरसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारची पीएम सूर्यघर ही योजना आली. अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येतं, ही तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू. हिशोबही उघड आहे: पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. पाच किलोवॅट बसवले तरी तेवढेच. पॅनल आणि इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) यांतली कमी क्षमता धरली जाते. ५४० वॅटचे पाच पॅनल म्हणजे २.७ किलोवॅट, त्यावर ७२,६०० रुपये मिळतात. सहावा पॅनल लावला आणि इन्व्हर्टर तीनचा घेतला की पूर्ण रक्कम.

नोंदणीला ग्राहक क्रमांक, मोबाईल आणि ओटीपी लागतो. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची अट नसल्याने मंजुरी रखडत नाही. पुढे नोंदणीकृत विक्रेता निवडायचा, काम झालं की नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं मीटर) आणि वीज कंपनीची तपासणी, शेवटी बँक तपशील.

गाडी अडते ती नावावर. आपल्याकडे कित्येक घरांचं बिल अजून वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्याच नावे येतं आणि बँक खातं मुलाचं असतं. नावं जुळली नाहीत की पैसे अडकतात. म्हणून आधी वीज कंपनीकडे नाव बदलून घ्या, मगच अर्ज करा. पॅनल बसल्यावर हे निस्तरणं फार तापदायक होतं.

दुसरी चूक महागात पडते. अनुदानाला देशी सोलर सेलपासून देशातच बनलेले, म्हणजे डीसीआर पॅनल लागतात. स्वस्त कोटेशनमध्ये बहुतेक वेळा हाच फरक दडलेला असतो. कोटेशनवर ‘डीसीआर’ लिहून घ्या आणि पॅनलमागचे अनुक्रमांक प्रमाणपत्राशी स्वतः ताडून बघा. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडेच असते, तीही करारात हवी.

अनुदान नंतर येतं, त्यामुळे आधीची रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. तीन किलोवॅटपर्यंत दोन लाखांचं विनातारण कर्ज याच पोर्टलवरून मागता येतं. व्याज रेपो दरापेक्षा (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) साधारण अर्धा टक्का जास्त, म्हणजे वैयक्तिक कर्जापेक्षा कितीतरी स्वस्त. ही सोय खरंच उपयोगी आहे आणि लोक ती पुरेशी वापरत नाहीत.

आता छताकडे. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा हवी, त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. महिन्याला ३०० युनिट लागत असतील तर तीन किलोवॅट पुरतात. पॅनलची तोंडं दक्षिणेला. पाण्याच्या टाकीची किंवा माडाची सावली एका पॅनलवर पडली तरी त्या ओळीतल्या सगळ्यांची वीज घटू शकते. सकाळी नऊ आणि दुपारी चार, दोन्ही वेळा सावली बघूनच सांगाडा उभारू द्या. धूळ सकाळी लवकर, साध्या पाण्याने धुवा. बोअरचं क्षारयुक्त पाणी काचेवर पांढरे डाग सोडतं. तापलेल्या काचेवर गार पाणी तर ओतूच नका.

बिल शून्यावर येईल ही अपेक्षा ठेवू नका. स्थिर आकार राहतोच. आणि बॅटरी नसेल तर वीज गेली की सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. छतावरची वीज बाहेरच्या तारांत जाऊन खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम तसा बनवलेला असतो. विक्रेते हे क्वचितच आधी सांगतात.