पर्सनल स्टायलिंगची सेवा: कोणता टप्पा घ्यावा, कोणता सोडावा

पर्सनल स्टायलिस्टचं पूर्ण पॅकेज घेतलं की साधारण हे मिळतं: प्रश्नावली, आवडत्या चित्रांचा बोर्ड, रंगचाचणी (चेहऱ्याला कोणते रंग शोभतात ते पाहणं), कपाटाची छाननी, फिटिंगचा सल्ला आणि शेवटी खरेदीची यादी किंवा लूकबुक (सुचवलेल्या कपड्यांच्या चित्रांची पुस्तिका). जाहिरातीत सगळ्यात जास्त जागा रंगचाचणी अडवते आणि फिटिंग एखाद्या ओळीत आटोपतं. उपयोगाच्या दृष्टीने पाहिलं तर क्रम जवळजवळ उलटा लागतो.

सेवा निवडण्याआधी एक गोष्ट आवर्जून तपासावी. त्या स्टायलिस्टच्या आठ-दहा ग्राहकांचे ‘नंतरचे’ फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. सगळ्यांच्या अंगावर तोच ढगळ ब्लेझर, तीच फिकट पँट, तेच पांढरे बूट दिसले तर तिथे तुम्हाला तुमची शैली नव्हे, स्टायलिस्टची शैली मिळणार. वेगवेगळ्या वयाची, अंगाची आणि कामाची माणसं खरोखर वेगवेगळी दिसत असतील, तर पुढे बोलण्यात अर्थ आहे. दुसरा प्रश्न थेट विचारावा: खरेदीवर दुकानाकडून कमिशन मिळतं का? मिळत असेल तर सेवा वाईटच असते असं नाही, पण ‘हे फेकून द्या, नवीन घ्या’ या सल्ल्याकडे जरा सावधपणे पाहावं लागतं.

प्रश्नावलीवरून पुढच्या कामाचा अंदाज येतो. ‘तुमचा बॉडी टाइप कोणता? सफरचंद, नासपती की घड्याळ?’ अशी सुरुवात असेल तर ती साचेबंद आहे. शरीराचं वर्गीकरण करून ‘हे घाला, ते टाळा’ सांगणं सोपं असतं, पण एकाच गटातल्या दोघींच्या खांद्याचा उतार, मानेची लांबी आणि उभं राहण्याची ढब यात इतका फरक असतो की तो सल्ला निम्म्या वेळा चुकतो. चांगली प्रश्नावली वेळेचा हिशोब मागते. आठवड्यात जागेपणीचे साधारण 112 तास; त्यातले कामावर किती, घरी किती, प्रवासात किती, समारंभात किती? मग कपाटातल्या कपड्यांची विभागणी त्या तासांशी ताडून पाहायची. समारंभाचे कपडे निम्मं कपाट अडवून बसलेले आणि रोजच्या पन्नास तासांसाठी चार शर्ट, हे चित्र फार ठिकाणी दिसतं. ‘घालायला काहीच नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. घाम किती येतो, चालणं किती होतं, इस्त्री कोण करतं, कपडे मशीनमध्ये धुतात की हाताने, हे प्रश्नही हवेत. ते नसतील तर पुढे सुचवलेलं लिनन दोन महिन्यांत कपाटाच्या तळाशी जातं.

चित्रांचा बोर्ड हा टप्पा मला मनापासून आवडतो, कारण स्वतःची दृष्टी असते ती इथे सापडते. पण तो नीट चालवणारे कमी. बहुतेक जण ‘आवडलेले तीस फोटो पाठवा’ म्हणतात आणि त्यातले कपडे जसेच्या तसे शोधायला लागतात. अडचण अशी की आपल्याला अनेकदा कपडे आवडलेलेच नसतात. मॉडेलचा चेहरा, संध्याकाळचा उजेड किंवा मागची समुद्रकिनाऱ्याची जागा आवडलेली असते. म्हणून प्रत्येक फोटोत चेहरा आणि पार्श्वभूमी झाकून फक्त कपडा पाहायचा. तीसचे बारा-पंधरा उरतात. मग त्यांत पुन्हा पुन्हा येणारं काय, ते शोधायचं: रेषा सरळ आहेत की वळणदार, कापड कडक आहे की लोंबतं, रंगांत विरोध जास्त आहे की कमी, गळा उघडा की बंद, तपशील कुठे एकवटले आहेत. शेवटी तीन-चार वर्णनं उरायला हवीत आणि ती कपड्यावर तपासता येतील अशी हवीत. ‘क्लासी’, ‘एलिगंट’, ‘साधं’ यांनी काही ठरत नाही. ‘खांद्यावर सरळ रेषा, जाड पोत, जास्तीत जास्त दोन रंग’ असं लिहिलं की दुकानात हँगरवरचा शर्ट पाच सेकंदांत पास किंवा नापास करता येतो.

जाणकार स्टायलिस्ट बोर्डवर कपड्यांखेरीजची चित्रंही मागतात: इमारती, मातीची भांडी, पुस्तकांची मुखपृष्ठं, खोल्या. फॅशनचे फोटो पाहताना चालू ट्रेंडची सवय डोळ्यांवर असते. भांड्याच्या बाबतीत ती कमी असते, त्यामुळे आवड जास्त प्रामाणिक दिसते. सोबत स्वतःचे, आपण छान दिसतोय असं वाटलेले पाच-सहा जुने फोटोही हवेत. बोर्डवरची वर्णनं आणि हे फोटो जुळत नसतील, तर त्यावर तासभर बोललं तरी तो वेळ वाया जात नाही.

आता रंगचाचणी. हिची मांडणी ऋतूंच्या नावांनी होते: वसंत, ग्रीष्म, शरद, शिशिर, आणि पुढे त्यांचे बारा उपप्रकार. बाऊहाऊस या जर्मन कलाशाळेत शिकवणारे योहानेस इटेन यांच्या रंगविचारातून ऋतूंची ही कल्पना पुढे आली असं मानलं जातं. तत्त्व खोटं नाही. शेजारचा रंग बदलला की पहिला रंगही वेगळा दिसतो, हे मिशेल शेव्ह्रल यांनी 1839 मध्येच सविस्तर मांडलं होतं. ते पॅरिसच्या गोब्लँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो ही तक्रार त्यांनी तपासली आणि दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांत असल्याचं दाखवलं. हनुवटीखाली कापड धरल्यावर चेहऱ्याचं तेच होतं. चुकीच्या रंगात डोळ्यांखालच्या सावल्या गडद होतात, गालांवरचे लालसर किंवा पिवळट पट्टे उठतात, जबड्याची कडा पुसट होते. योग्य रंगात नजर कापडावर न अडखळता चेहऱ्यावर जाते.

गडबड होते ती चाचणीच्या परिस्थितीत. खिडकीतून येणारा पण थेट ऊन नसलेला उजेड हवा. तो शक्य नसेल तर साधारण 5000 ते 6500 केल्विनचे आणि रंग नीट दाखवणारे, म्हणजे 90 पेक्षा जास्त सीआरआयचे दिवे हवेत. 2700 केल्विनच्या पिवळ्या बल्बखाली सगळेच ‘वॉर्म’, म्हणजे पिवळसर उबदार छटेचे ठरतात. मेकअप पूर्ण उतरवलेला, रंगवलेले केस झाकलेले, अंगावर राखाडी कापड, मागची भिंत पांढरी किंवा राखाडी. चाचणीची कापडं चकचकीत सॅटिनची नकोत. ती उजेड परत फेकतात आणि कोणताही रंग चेहरा उजळवतो असा भास होतो. क्रमही महत्त्वाचा: आधी उबदार की थंड, मग फिका की गडद, मग मळकट की झळझळीत. एका वेळी एकच गुण बदलायचा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. फोनवरून पाठवलेल्या सेल्फीवर केलेली चाचणी घेऊच नये. कॅमेरा प्रत्येक फोटोत पांढऱ्या रंगाचा तोल आपोआप बदलतो, म्हणजे मोजायची पट्टीच दर वेळी वेगळी.

एक मोठी उणीवही सांगायला हवी. या पद्धतीचे जुने तक्ते गोऱ्या त्वचेभोवती रचलेले होते. त्यामुळे सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या सगळ्यांना सरसकट ‘शरद’ किंवा ‘शिशिर’मध्ये ढकललं जातं. असं होताना दिसलं तर ऋतू बाजूला ठेवून चेहऱ्यातला विरोध पाहायला सांगा. फोटो कृष्णधवल करा आणि केस, त्वचा, डोळे यांच्यात फिकट-गडदचा फरक किती आहे ते बघा. फरक कमी असेल तर जवळपासच्या छटांचे कपडे शोभतात. जास्त असेल तर गडद-फिक्याची ठळक जोडी पेलते. चाचणीत मिळालेली रंगांची पट्टी हरवली तरी ही माहिती आयुष्यभर उपयोगी पडते. आणि हे सगळं गळ्याजवळच्या कपड्यापुरतं आहे. पँट, स्कर्ट, बूट कुठल्या ऋतूचे आहेत, याने चेहऱ्यावर काही परिणाम होत नाही.

कपाटाच्या छाननीला तीन ते चार तास लागतात. ‘वर्षभर घातलं नाही, काढून टाका’ हा नियम लावणारे लवकर मोकळे होतात, पण न घालण्याचं कारण कळल्याशिवाय काढण्यात शहाणपण नाही. कारणं मुख्यतः पाच: बसत नाही, दुरुस्ती हवी आहे, जोडीला काही नाही, प्रसंग येत नाही, किंवा आवडतच नाही. पहिल्या तिन्हींचे कपडे वाचतात आणि साधारण सगळ्यात आवडते कपडे याच ढिगात निघतात. प्रत्येक कपडा अंगावर घालूनच निर्णय घ्यायचा. हँगरवर धरून ‘हो-नाही’ म्हणणं म्हणजे छाननी नव्हे. शेवटच्या तासात थकव्याने वाटेल ते बाहेर काढलं जातं, म्हणून भावनिक किंवा महागडे कपडे सुरुवातीलाच हाताळावेत.

आणि फिटिंग. सेवेचे पैसे इथे वसूल होतात. स्टायलिस्टला कापडावरच्या सुरकुत्या वाचता येतात का, ते पाहा. ताणलेली आडवी सुरकुती म्हणजे तिथे कापड कमी पडतंय. उभी सैल घडी म्हणजे ते जास्त आहे. तिरकी ओढ जिकडे निघते तिकडे अडचण असते. काखेकडून छातीच्या टोकाकडे जाणारी ओढ असेल तर तिथे टक्स (कापडाला आकार देणारी निमुळती शिवण) हवा किंवा आहे तो सरकवायला हवा. पाठीवर कमरेच्या वर आडवी, पण सैल चुणी साचली तर तिची दोन कारणं असू शकतात: एकतर कमरेजवळ पाठ जास्त आत वळलेली असल्याने कापडाची लांबी जास्त होते, नाहीतर सीटवर (बसण्याच्या भागावर) कापड कमी असल्याने कपडा वर सरकून तिथे गोळा होतो. आधी सीटवरची बाजूची शिवण उसवून पाहायची. चुणी गेली तर दुसरं कारण. हे न तपासता पाठीची लांबी कमी करणारा कारागीर चांगला कपडा बिघडवतो.

शर्ट-जॅकेटमध्ये खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर बसली पाहिजे. मुद्दाम उतरत्या खांद्याचा कट असेल तर गोष्ट वेगळी. खांदा चुकला असेल तर बाही काढून मुंढा (बाही जोडायची गोलाई) पुन्हा कापावा लागतो. अस्तराच्या जॅकेटमध्ये हे काम इतकं मोठं आहे की असं जॅकेट न घेणंच बरं. मुंढा फार खाली असेल तर हात वर करताच अख्खा शर्ट वर येतो आणि त्याला इलाज नाही, कारण तिथलं कापड आधीच कापून गेलेलं असतं. बाजू, कंबर, बाहीची लांबी, पँटची उंची ही सोपी कामं. तरी पँटची कंबर पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त आत घेतली की मागचे खिसे एकमेकांना भिडायला लागतात. सैल करायचं असेल तर आतलं मार्जिन, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जादा कापड बघा: तयार शर्टात ते एखादाच सेंटिमीटर असतं, पँटच्या मागच्या शिवणीत बऱ्याचदा दोन-तीन मिळतात. रेशीम, मखमल आणि चामड्यावर जुन्या टाक्यांची भोकं दिसत राहतात. सुती पँटची उंची मात्र एक-दोन धुण्यांनंतरच ठरवावी.

आरशासमोर सरळ उभं राहून फिटिंग पास करणारी सेवा अर्धवट आहे. बसून, दोन्ही हात वर करून, पुढे वाकून, हात छातीशी घडी घालून पाहायला हवं. त्याहून उत्तम चाचणी म्हणजे कपडा घालून पंधरा मिनिटं दुसऱ्याच विषयावर गप्पा मारणं. त्या वेळात हात किती वेळा कॉलरकडे, कमरेकडे किंवा शर्टाचं टोक खाली ओढायला जातो, ते स्टायलिस्टने पाहायचं. दोन-तीनदा गेला तर तो कपडा कितीही शोभत असला तरी महत्त्वाच्या दिवशी घालू नये.

‘कपड्याने आत्मविश्वास वाढतो’ ही भाषा या क्षेत्रात फार सैलपणे वापरली जाते. हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की या संशोधकांचा 2012 चा प्रयोग तर सर्रास सांगितला जातो: डॉक्टरांचा पांढरा कोट घातल्यावर लोकांचं लक्ष सुधारतं. त्यातल्या एका चाचणीची 2019 मध्ये काटेकोर पुनरावृत्ती झाली, तेव्हा तो परिणाम दिसला नाही, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. ‘लाल घाला, आत्मविश्वास वाढेल’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. कपड्याकडे लक्ष द्यावं न लागणं आणि तो आपण कारणासह निवडलाय हे माहीत असणं, एवढं सेवेने दिलं तरी पुष्कळ झालं.

लूकबुक हा सगळ्यात कमकुवत टप्पा. दुकानांच्या लिंक असलेलं पीडीएफ हंगाम संपताच निकामी होतं. त्याऐवजी तुमच्याच कपड्यांच्या पंधरा-वीस जोड्या, तुमच्याच अंगावर, समोरून आणि बाजूने काढलेले फोटो मागा. खरेदीची यादी पाच-सहा वस्तूंपेक्षा लांब नको आणि यादीतली प्रत्येक वस्तू आधीच्या किमान तीन कपड्यांबरोबर जुळायला हवी.

तुमचं म्हणून ओळखू येईल असं एखादं चिन्ह सुचवलं जातं, उदाहरणार्थ नेहमी एकाच धातूचे दागिने, ठरावीक कॉलर, एखादा रंग. ते बोर्डमधून आलं असेल तरच स्वीकारा. वरून चिकटवलेलं चिन्ह महिन्याभरात गळून पडतं.

नोकरी बदलली, बाळंतपण किंवा आजारपणानंतर शरीर बदललं, निवृत्ती आली, अशा वेळी ही सेवा खरंच उपयोगी पडते. वजन अजून बदलत असेल तर थांबा. सगळं पॅकेज परवडत नसेल तर बोर्ड आणि फिटिंग-छाननी एवढंच सुटं मागा. रंगचाचणी नंतर करता येते. घेताना सहा ते आठ आठवड्यांनी एक पाठपुराव्याची बैठक ठरवून घ्या आणि त्या काळात कपाटातले सगळे हँगर उलटे लावून ठेवा. घातलेला कपडा परत ठेवताना हँगर सरळ करायचा. बैठकीच्या दिवशी जे हँगर अजून उलटे असतील, फक्त तेवढेच कपडे टेबलावर घ्या.