दहावीचं इतिहास-राज्यशास्त्राचं पुस्तक : गाइड बाजूला ठेवा, हे मुलांसोबत बसून वाचा

माझी मुलगी यंदा दहावी झाली, स्टेट बोर्ड, मराठी माध्यम. गणित-सायन्सच्या क्लासबद्दल सगळेच लिहितात, मला बालभारतीच्या इतिहास व राज्यशास्त्राच्या पुस्तकाबद्दल लिहायचंय, कारण त्याच्याबद्दल चांगलं बोलणारं मला वर्षभरात कोणीच भेटलं नाही आणि मला मात्र ते मनापासून आवडलं. ४० मार्कांचा पेपर, भूगोलाचे वेगळे ४०, आणि म्हणून घराघरात एकच वाक्य, "इतिहास काय, शेवटच्या आठ दिवसांत होतो." आमच्याकडेही जूनमध्ये हेच ठरलं होतं.

पुस्तक २०१८ चं. आपल्या वेळेसारखं हा राजा मग तो राजा, ही लढाई मग तो तह, असं यात नाहीये. इतिहासाचे नऊ धडे, आणि विषय काय तर इतिहास लिहितात कसा, कला, वर्तमानपत्रं आणि बाकीची माध्यमं, नाटक-सिनेमा, खेळ, पर्यटन, आणि जुन्या ठेव्यांचं जतन. मागे राज्यशास्त्राचे पाच धडे, संविधानाची वाटचाल, निवडणूक, पक्ष, चळवळी, लोकशाहीपुढची आव्हानं. म्हणजे मुलाने डोकं वर करून आजूबाजूला बघितलं की धडा समोर दिसतो. हे ज्यांनी ठरवलं त्यांना खरंच मानलं पाहिजे.

आता पहिल्यांदा जे खटकलं ते सांगते. पहिले दोन धडे जड आहेत. व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको अशी पाश्चात्त्य विचारवंतांची एकामागून एक नावं, प्रत्येकाला जेमतेम एकेक परिच्छेद, पंधरा वर्षांच्या पोराला त्यातून नावांपलीकडे काय हाती लागणार. आणि नेमकं हेच सुरुवातीला असल्यामुळे मुलं जूनमध्येच पुस्तकाला घाबरतात. दुसऱ्या धड्यात जरा जीव येतो कारण कल्हणाची राजतरंगिणी, म्हणजे काश्मीरचा जुना इतिहास आहे, बखरी आहेत, इतिहासकार वि. का. राजवाडे आहेत. राजवाड्यांनी गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं धुंडाळून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं २२ खंडांत छापली, १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. माझं म्हणणं, घरी वाचताना सरळ सहाव्या धड्यापासून सुरू करा, पहिला धडा दिवाळीनंतर घ्या, तोपर्यंत मुलाला कळलेलं असतं की इतिहासाचं साधन म्हणजे काय, मग रांके का मूळ कागदपत्रं बघा म्हणत होता तेही कळतं.

आमच्याकडे हे अपघातानेच झालं. गणपतीत गावी गेलो होतो, कुडाळ तालुक्यात, आणि मुलगी पडवीत बसून सहावा धडा मोठ्याने वाचत होती, मनोरंजनाची माध्यमं. त्यात दशावताराचा, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्याचा परिच्छेद आला. माझे सासरे पान लावत बसले होते ते थांबले. म्हणाले परत वाच. तिने परत वाचलं. मग म्हणाले, "ह्या बरा लिवलानी. आता पेटाऱ्याचा मी सांगतंय तुका." आणि पुढचा दीड तास ते बोलत होते, तरुणपणी ते दोन-तीन हंगाम एका कंपनीबरोबर झांज वाजवायला फिरले होते हे मला लग्नाला अठरा वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. पेटारा गावात आला की आधी त्याची पूजा, त्यातच सगळे कपडे, मुकुट, सोंगं. तोंडं ज्याची त्याने रंगवायची. संहिता अशी नाहीच, आख्यान कुठलं ते ठरलं की कोण काय बोलणार ते रंगमंचावर उभं राहिल्यावर, समोरच्याने टाकलेल्या शब्दाला शब्द. संकासुर वेद पळवतो तिथे बारकी पोरं कशी आईच्या कुशीत शिरायची, आणि रात्रभर चाललेलं नाटक उजाडताना दहीकाल्याला यायचं. ती पेन्सिल घेऊन पुस्तकाच्या कडेला लिहीत होती, जागा संपली तेव्हा वरच्या रिकाम्या पट्टीत लिहायला लागली. दुसऱ्या दिवशी हट्ट करून पिंगुळीला गेलो, ठाकर समाजाची चित्रकथी बघायला, कारण ती चौथ्या धड्यात कलेच्या इतिहासात आहे आणि आमच्यापासून किती लांब, तर रिक्षाच्या अंतरावर! चित्रं एकेक करून पुढे धरत कथा गात जायची. मी त्या रस्त्याने शंभरदा गेले असेन.

सहावा धडाच पुढे विष्णुदास भावे, सांगली, १८४३ चं सीता स्वयंवर नाटक, आणि तिथून फाळक्यांच्या १९१३ च्या राजा हरिश्चंद्रपर्यंत येतो. एकदा पडवीतला दशावतार डोक्यात बसला की ही ओळ पाठ करावी लागत नाही. पाचव्या धड्यात ६ जानेवारी १८३२ चं दर्पण आहे, बाळशास्त्री जांभेकरांचं, एका बाजूला मराठी आणि शेजारी इंग्रजी असा मजकूर. खेळांच्या धड्यात तर मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे, पाँपेईच्या उत्खननात सापडलेली भारतीय बनावटीची हस्तिदंती बाहुली. एका बाहुलीवरून कळतं की तेव्हा इकडून इटलीपर्यंत व्यापार चालू होता. मुलीने ही गोष्ट किमान दहा जणांना सांगितली असेल.

राज्यशास्त्राचा भाग आकाराने लहान, मुलं तो सगळ्यात शेवटी वाचतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, तीन वर्षांनी ही मुलं मतदार होणार आहेत. मतदानाचं वय ६१ व्या घटनादुरुस्तीने २१ वरून १८ केलं हे पुस्तकात आहे, पंचायती आणि नगरपालिकांना घटनेत स्थान देणारी ७३ वी आणि ७४ वी दुरुस्ती आहे, माहितीचा अधिकार २००५ आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महिलांना ५० टक्के जागा आहेत, माझी मोठी जाऊ त्याच जागेवरून निवडून आलीय, तर मुलीने तिलाच फोन लावला आणि ग्रामसभा कशी चालते ते विचारून घेतलं.

निवडणुकीचा धडा मी स्वतः घेतला. मी सरकारी नोकरीत आहे, २०२४ च्या विधानसभेला मला मतदान अधिकारी क्रमांक दोनची ड्युटी होती, म्हणजे रजिस्टरला सही घ्यायची आणि डाव्या तर्जनीला शाई लावायची. पुस्तकात मुक्त आणि न्याय्य निवडणूक असा शब्द आहे, तिने विचारलं न्याय्य आहे हे कसं कळणार? मग मी सांगितलं की सात वाजता मतदान सुरू व्हायचं तर आम्ही साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान घेतो, कमीत कमी ५० मतं, मग सीआरसी, म्हणजे क्लोज, रिझल्ट, क्लिअर, मशीनमधला आकडा आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या चिठ्ठ्या जुळतात का ते सगळ्यांना दाखवायचं, आकडा शून्यावर आणायचा, चिठ्ठ्या बाहेर काढून सील करायच्या, आणि मगच पहिला मतदार आत. तिने लगेच विचारलं, कोणी क्लिअर करायला विसरलं तर? म्हटलं म्हणूनच तर ट्रेनिंगमध्ये सीआरसी सीआरसी इतकं घोकून घेतात. शाईची रेष नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत असते आणि ती शाई म्हैसूरला बनते हे ऐकून तिने माझं बोट हातात घेऊन बघितलं, अर्थात तेव्हा काही राहिलं नव्हतं.

आता गाइडबद्दल. आम्ही एक घेतलं होतं, कुठलं ते महत्त्वाचं नाही. त्यात प्रत्येक टीपेची पाच मुद्द्यांची तयार उत्तरं, निवडणूक आयोग, पाच मुद्दे, दशावतार, पाच मुद्दे. क्लासमध्ये तर धडा न वाचताच गाइडमधल्या प्रश्नांना टिक करून दिले होते आणि "माहीत आहे का तुम्हांला?" च्या चौकटी सरळ सोडून द्या असं सांगितलं. अहो, पुस्तकाचा जीव तर त्या चौकटींत आणि शेवटच्या उपक्रमांत आहे! सहामाहीला तिने गाइड पाठ करून लिहिलं, ४० पैकी २३. प्रिलिमला स्वतःच्या वाक्यांत लिहिलं, ३४. बोर्डाच्या पॅटर्नची सवय व्हायला संकल्पनाचित्रं, चुकीची जोडी, विधान सकारण स्पष्ट करा असले प्रश्न सोडवावेच लागतात, त्यासाठी जुन्या प्रश्नपत्रिका पुरतात.

एक गोष्ट पालकांनी स्वतः भरून घ्यावी लागते. पुस्तक २०१८ चं असल्यामुळे त्यानंतरचं यात कुठून येणार, जुलै २०२५ मध्ये शिवरायांच्या काळातले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, महाराष्ट्रातले ११ आणि तामिळनाडूतला जिंजी. त्यात आमचे विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग पण आहेत. पर्यटनाचा आणि जतनाचा धडा वाचताना हे सांगाच, जमलं तर नेऊन दाखवा.

पीडीएफ बालभारतीच्या साइटवर फुकट मिळते, पण माझं ऐकाल तर छापील घ्या, कडेला लिहिता येतं. आमचं पुस्तक आता माझ्या पुतणीला द्यायचंय. मुलगी म्हणते सहावा धडा आधी झेरॉक्स काढून घेऊ, आजोबांचं सांगितलेलं सगळं त्या पानांवर आहे, आणि एके ठिकाणी तर त्यांनी स्वतः पेन्सिलने झांजेचे बोल लिहून दिलेत.