खेळ सतरंजीवर, नियम साइटवर: आठ महिने वापरल्यानंतर

रविवारी रात्री साडेअकराची गोष्ट. सतरंजीवर खेळ मांडलेला, मावसभाऊ जिंकायच्या बेतात, आणि नेमकी गड्डी संपली. त्याला अजून दोन पत्ते उचलायचे होते. टाकलेले पत्ते लगेच पिसून ते दोन घ्यायचे, की डाव तिथेच पुढच्याकडे जायचा? रूलबुकात यावर अवाक्षर नाही. ‘साइटवर बघ की रे दादा,’ तो म्हणाला, आणि मी मोबाइल काढला.

बोर्ड गेमच्या प्रकाशकाची साइट कशी आहे, हे अशा वेळीच कळतं. खरेदी करताना सगळ्याच देखण्या वाटतात.

ही साइट अमेरिकेतल्या एका अगदी छोट्या प्रकाशनाची. नाव मुद्दाम लिहीत नाही, दोघांचाच कारभार आहे. आठ महिन्यांत मी त्यांच्याकडून एक मोठा खेळ मागवला, एक छोटा खेळ पीडीएफ घेऊन इथेच छापला आणि तुटलेल्या सोंगटीसाठी एक अर्ज भरला.

त्या रात्रीचं उत्तर मिळालं, पण चाळीस मिनिटांनी. नियमांच्या पानावर डब्यातलंच रूलबुक होतं, सगळ्या चित्रांसकट, ७० एमबीचं. तारीख नाही, आवृत्ती नाही. शोधायच्या रकान्यात ‘गड्डी’साठीचा इंग्रजी शब्द टाकला तर त्यांचा टी-शर्ट समोर आला. उत्तर सापडलं ते नाताळच्या शुभेच्छांच्या मजकुरात, शेवटी, ताजा कलम म्हणून: लगेच पिसा आणि राहिलेले पत्ते उचला. म्हणजे मावसभाऊ जिंकला होता. तोवर तो सतरंजीवरच घोरायला लागला होता.

छोट्या प्रकाशनाकडून एवढी अपेक्षा करू नये, असं काही मित्र म्हणतात. मला पटत नाही. लेडर गेम्स या प्रकाशनाचा ‘रूट’ हा बोर्ड गेम बघा. त्यात शिकायला सोपं पुस्तक वेगळं आणि ‘लॉ ऑफ रूट’ नावाचे कलमवार नियम वेगळे. वाद झाला की कलमाचा नंबर दाखवायचा, विषय मिटला. त्याला फार पैसा लागत नाही, शिस्त लागते. आमच्या खेळाबद्दलच्या निम्म्या शंकांना तर खुद्द खेळ बनवणाऱ्यानेच बोर्डगेमगीक या बोर्ड गेमवाल्यांच्या साइटवर उत्तरं दिली आहेत. २००० सालापासून जगभरचे खेळाडू तिथेच भांडतात, त्यामुळे ते ठीकच. पण तीच उत्तरं उचलून स्वतःच्या साइटवर एका पानात चिकटवायला एक दुपार पुरे. आठ महिन्यांत ती दुपार काही उगवली नाही.

छापायच्या फायलींबाबत मात्र यांना मानलं पाहिजे. खेळ १८ पत्त्यांचा. बटन शाय या प्रकाशनाने पाकिटात मावणारे १८ पत्त्यांचे खेळ लोकप्रिय केले, त्याच जातीतला. एका पानावर नऊ पत्ते, म्हणजे दोन पानांत खेळ तयार. रंगीत फाइल आहेच, शिवाय शाई वाचवणारी काळी-पांढरी वेगळी. पहिलं पान मी ऑफिसात छापलं, दुसरं अप्पा बळवंत चौकाजवळ झेरॉक्सवाल्याकडे, ३०० जीएसएमच्या जाड कार्डावर. कापून शेजारी शेजारी ठेवले तर दुसऱ्या पानावरचे पत्ते बुटके! उंचीला जवळजवळ अडीच मिलिमीटरचा फरक. पालथा ठेवलेला पत्ताही कोणत्या पानावरचा ते ओळखू यायचं, म्हणजे खेळायलाच नको.

कारण साधं होतं. फाइल अमेरिकन लेटर कागदाची, २१६ मिलिमीटर रुंद. आपला ए-फोर २१० चा. झेरॉक्सवाल्याच्या मशीनने पान कागदात बसवताना सगळंच आक्रसून घेतलं, आणि ८८ मिलिमीटरचा पत्ता साडेपंच्याऐंशीवर आला. मी तशी मेल टाकली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, आणि पंधरवड्यात साइटवर ए-फोरची वेगळी फाइल चढली. पानाच्या कडेला ५० मिलिमीटरची एक रेघ, आणि सूचना: आधी हे एकच पान छापा, रेघेला पट्टी लावून बघा, मग पुढचं. ही रेघ सगळ्यांनीच का देऊ नये? दुकानदारसुद्धा म्हणाला, ‘हे बरंय, माझ्यावर खापर नको.’

खरेदीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. टपालखर्च अगदी शेवटच्या पायरीवर दिसतो, तेव्हा पोटात गोळा येतो. तो आधी सांगा एवढंच. न्यूजलेटर मी बंद केलं.

राहिला सोंगटीचा अर्ज. फॉर्म सुटसुटीत आहे: डब्यातल्या सगळ्या वस्तूंची चित्रं, तुटली असेल त्यावर टिचकी मारायची. पैसे मागितले नाहीत, फोटोही मागितला नाही, विश्वास ठेवला. देशांच्या यादीत भारतही आहे. पण पिनकोडच्या रकान्यात पाचच आकडे मावतात, कारण अमेरिकेत तेवढेच लागतात. आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी आहे, आणि तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. कोकणातले, टपाल खात्यातले बडे अधिकारी आणि संस्कृत कवी. त्यांच्या हिशेबात पहिले तीन आकडे पत्र जिल्ह्यापर्यंत आणतात आणि शेवटचे तीन नेमक्या टपाल कार्यालयापर्यंत. म्हणजे माझं पाकीट पुण्यात नक्की पोचणार होतं, पुढचं देवाच्या हवाली.

सात आठवड्यांनी ते आलं. लेबलावर छापलेलं ‘४११०३’, आणि त्याला खेटून निळ्या पेनाने कुणीतरी काढलेला ‘८’. पत्त्यातलं ‘कोथरूड’ वाचून टपालातल्या कुणीतरी तो भरला असणार. आत नवी सोंगटी, आणि एक जादाची, न मागता.

मेल केली होती. तो रकाना परवा पुन्हा बघितला. अजून पाचच आकड्यांचा आहे.